स्टिअरिंग शाफ्ट ‘कसाही बसवला तरी चालतो’? नाही!

गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं ऐकू येणारी समजूत अशी: शाफ्ट (स्टिअरिंग व्हीलची फिरकी खाली चाकं वळवणाऱ्या यंत्रणेपर्यंत नेणारा दांडा) कोणत्याही दात्यावर बसवा, स्टिअरिंग वाकडं आलं तर व्हील काढून सरळ करा. व्हील सरळ दिसेल, पण आतली चूक तशीच राहील.

एअरबॅगच्या गाडीत व्हीलमागे क्लॉक स्प्रिंग असते, म्हणजे गुंडाळलेली चपटी केबल. ती मध्यापासून दोन्हीकडे साधारण अडीच-तीन फेरेच फिरते. शाफ्ट सुटलेला असताना व्हील गरगर फिरलं, तर पुढच्या पूर्ण वळणावर केबल तुटू शकते. मग हॉर्न बंद, एअरबॅगचा दिवा चालू. 36 दाते असतील तर एका दात्याची चूक 10 अंशांची, आणि ती व्हील न हलवता शाफ्टवरच सुधारायची.

म्हणून आधी चाकं सरळ, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून काही मिनिटं थांबा (नेमका वेळ मॅन्युअलमध्ये असतो), व्हील सीटबेल्टने बांधा. जॉइंट (शाफ्टचा वाकणारा सांधा) आणि पिनियन (तो ज्या दातेरी टोकावर बसतो ते) या दोन्हींवर रंगाची एकच रेघ ओढा. जॉइंट पिनियनवर आवळून धरणारा पिंच बोल्ट नुसता ढिला करून भागत नाही. बऱ्याच गाड्यांत तो पिनियनच्या खाचेतून जातो, त्यामुळे पूर्ण काढावाच लागतो. बसवतानाही खाच समोर आली नसेल तर हातोडा मारू नका!

शाफ्ट हातात आला की जॉइंटमधला क्रॉस (अधिक-चिन्हासारखा तुकडा) दोन्ही दिशांनी वाकवून बघा. अडखळला, खडखडला किंवा त्याच्या टोकांवरच्या बेअरिंग-कपाजवळ तांबूस गंजाची पूड दिसली, तर बदला. ग्रीस मारून तो सुधारत नाही. बोल्ट शक्यतो नवा, आणि टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोराने आवळण्याचा पाना) आवळा.