संगणक पंख्याचा गोंगाट

संगणक पंख्याचा गोंगाट : टेबलावर वापरायच्या (डेस्कटॉप) संगणकातील उष्णता बाहेर काढणाऱ्या पंख्यांपासून निघणारा आणि ऐकणाऱ्याला नकोसा होणारा आवाज. पंखा फिरला की आवाज होणारच. त्यातला कोणता भाग गोंगाट ठरतो हे मात्र नुसत्या तीव्रतेवर ठरत नाही. सलग, मंद सूंसूं थोड्या वेळाने कानाआड होते. तितक्याच किंवा त्याहून कमी तीव्रतेची किरकिर, टकटक किंवा चढउतार होणारी घूंघूं लक्ष खेचत राहते. त्यामुळे आवाज किती आहे यापेक्षा तो कसा आहे, हे आधी ओळखावे लागते.

संगणकातले बहुतेक पंखे अक्षीय प्रकारचे असतात, म्हणजे हवा आसाच्या दिशेने आत येते आणि त्याच दिशेने बाहेर पडते. १२ व्होल्टवर चालणारी ब्रशविरहित मोटर, तिच्यावर बसवलेली पाती, चौकट आणि मोटरला चौकटीशी जोडणारे आरे एवढेच त्याचे भाग. ८०, ९२, १२० आणि १४० मिमी. ही रुळलेली मापे. वीजपुरवठा (एसएमपीएस), प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि कॅबिनेट या चार ठिकाणी ते आढळतात.

इतिहास : हवा खेळवून यंत्र थंड ठेवण्याची पद्धत इलेक्ट्रॉनिक संगणकाइतकीच जुनी आहे. १९४६ मध्ये लोकांसमोर आलेला एनिॲक सुमारे १५० किलोवॉट वीज घेत असे व त्याला मोठ्या ब्लोअरनी गार ठेवावे लागे. तो गोंगाट दालनाचा होता. पंखा माणसाच्या कानापासून हातभर अंतरावर आला तो वैयक्तिक संगणकाबरोबर, आणि तोही एकदम नाही. १९७७ च्या ॲपल २ मध्ये पंखा नव्हता. रॉड होल्ट यांनी आखलेला स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा कमी तापत असल्याने ते शक्य झाले. १९८० च्या ॲपल ३ मध्येही पंखा टाळला गेला, पण ते यंत्र बिघाडांमुळे गाजले. पंखा नसल्याने चिपा तापून खोबणीतून सैल होत, हे प्रचलित स्पष्टीकरण. दुसऱ्या मतानुसार ॲल्युमिनियमची पेटी उष्णता पुरेशी बाहेर टाकत होती व खरा दोष सर्किट बोर्डाच्या रचनेत होता. दोन्ही कारणे एकत्र आली असावीत, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. १९८१ च्या आयबीएम पीसीत वीजपुरवठ्याच्या डब्यातच पंखा होता आणि पुढे हीच मांडणी रूढ झाली.

प्रोसेसरवर स्वतंत्र पंखा नेमका केव्हापासून बसू लागला याबाबत एकवाक्यता नाही. काही जण इंटेलच्या ८०४८६ या प्रोसेसरच्या वेगवान आवृत्त्यांकडे, विशेषतः १९९२ च्या ६६ मेगाहर्ट्‌झच्या आवृत्तीकडे बोट दाखवतात. इतर जण १९९३ च्या पेंटियमचे नाव घेतात. ८०४८६ वर अनेकदा नुसता हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा, पट्ट्यांचा धातूचा ठोकळा) पुरत असे. म्हणून पंख्याची सुरुवात ८०४८६ च्या काळात व सर्रास वापर पेंटियमपासून, अशी विभागणी ग्राह्य धरायला हरकत नाही. १९९५ मध्ये इंटेलने मांडलेल्या एटीएक्स या कॅबिनेटमधील भागांच्या रचनेत वीजपुरवठ्याच्या पंख्याने हवा आत फुंकून प्रोसेसरही गार करावा, अशी मूळ कल्पना होती. अर्थातच ती हवा आधीच तापलेली असे. पुढे दिशा उलटवून हवा बाहेर टाकण्याची पद्धत आली.

गोंगाटाच्या दृष्टीने २००३-०४ ही वर्षे बहुधा सर्वांत वाईट. २००३ च्या जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा या ग्राफिक्स कार्डाला त्याच्या आवाजामुळे ‘डस्टबस्टर’ (हातात धरायचा व्हॅक्यूम क्लीनर) हे टोपणनाव मिळाले. पेंटियम ४ च्या प्रेस्कॉट आवृत्त्यांची उष्णता ११५ वॅटपर्यंत गेली. हवेचा मार्ग सरळ करून उष्णता व आवाज दोन्ही आटोक्यात आणण्यासाठी इंटेलने बीटीएक्स ही नवी मांडणी पुढे केली. पण नंतरचे प्रोसेसर कमी तापू लागल्यावर तिचे प्रयोजनच उरले नाही. त्याच सुमारास आलेली चार तारांच्या पंख्याची (वेग स्पंदांनी बदलण्याची) पद्धत मात्र टिकली.

आवाजाची निर्मिती : पंख्याच्या आवाजात तीन घटक मिसळलेले असतात : हवेचा, यांत्रिक (बेअरिंग, कंपन) आणि विद्युत्-चुंबकीय (मोटरच्या वेटोळ्यांचा).

हवेच्या आवाजाचे पुन्हा दोन भाग पडतात. विस्कळीत प्रवाहामुळे होणारी सूंसूं अनेक कंप्रतांत (सेकंदातील कंपनसंख्यांत) पसरलेली असते. दुसरा भाग ठरावीक स्वराचा. प्रत्येक पाते एखाद्या स्थिर बिंदूजवळून जाताना हवेला धक्का देते. पात्यांची संख्या गुणिले मिनिटातील फेरे भागिले ६० हे या स्वराच्या कंप्रतेचे सूत्र. सात पात्यांचा पंखा १,२०० आरपीएमने (मिनिटाला १,२०० फेरे) फिरत असेल तर १४० हर्ट्‌झचा स्वर मिळतो. फिरत्या पात्यांच्या अशा स्वराचे गणित गुटिन यांनी १९३६ मध्ये विमानाच्या प्रोपेलरसाठी मांडले. टायलर व सोफ्रिन यांनी १९६२ मध्ये, जेट इंजिनाच्या संदर्भात, फिरती पाती व स्थिर पाती यांच्या संख्यांचा परस्परसंबंध उलगडला. संगणकाच्या पंख्यात स्थिर पात्यांची जागा आरे घेतात. आरे व पाती सारख्याच संख्येने असतील तर सगळी पाती एकाच क्षणी आऱ्यांसमोरून जातात व धक्के एकमेकांत मिळून स्वर ठळक होतो. सात पाती व चार आरे ही नेहमीची जोडी यामुळेच सोयीची. दोन्ही संख्यांना सामाईक विभाजक नाही.

वेग व आवाज यांचे नाते हा जास्त वादाचा भाग. लाइटहिल यांच्या १९५२ च्या सिद्धांतानुसार मोकळ्या विस्कळीत प्रवाहाची ध्वनिशक्ती वेगाच्या आठव्या घाताच्या प्रमाणात वाढते. प्रवाहात घन पृष्ठभाग असेल तर हा घात सहावा ठरतो, असे कर्ल यांनी १९५५ मध्ये दाखवले. पंखे बनवणाऱ्यांच्या व्यवहारात मात्र पाचवा घात धरतात, म्हणजे वेगांच्या गुणोत्तराच्या लॉगॅरिथमला ५० ने गुणतात. वेग निम्मा केला तर व्यवहाराच्या नियमाने सुमारे १५ व कर्ल यांच्या घाताने सुमारे १८ डेसिबेल घट यायला हवी. घरगुती वापराच्या हिशोबाला पाचवा घात पुरतो व तो आशा थोडी कमीच लावतो, ही त्याची जमेची बाजू. त्यानुसार १,५०० वरून १,२०० आरपीएमवर आल्यास हवा २० टक्के कमी होते, पण आवाज जवळजवळ ५ डेसिबेलने उतरतो.

याच नियमांवरून मोठा पंखा शांत का, हेही कळते. हवेचे प्रमाण व्यासाच्या तिसऱ्या घाताबरोबर वाढत असल्याने ८० मिमी. पंख्याइतकी हवा द्यायला १२० मिमी. पंख्याला जेमतेम ३० टक्के वेग पुरतो. व्यास वाढल्यानेही आवाज वाढतो. व्यासामुळे १२ डेसिबेल वाढले व कमी वेगामुळे २६ उतरले, तर निव्वळ घट सुमारे १४ डेसिबेल. हा हिशोब दोन्ही पंखे एकाच आकृतीची लहान-मोठी रूपे असतील तरच तंतोतंत लागू पडतो. प्रत्यक्षात दोहोंची जाडी बहुधा २५ मिमी.च असते. शिवाय दाब जवळजवळ पाचव्या हिश्श्यावर येतो, म्हणून दाट पट्ट्यांच्या हीटसिंकमधून हवा ढकलताना हा फायदा पूर्ण मिळत नाही.

बेअरिंगच्या बाबतीत स्लीव्ह प्रकार नवा असताना शांत असतो, पण तेल आटले की किरकिरतो. बॉल बेअरिंग सुरुवातीपासून किंचित घरघरते व बराच काळ तसेच चालते. द्रव बेअरिंगमध्ये तेलाचा थर दाबाखाली राहत असल्याने दोहोंचे गुण बऱ्याच अंशी साधतात.

मापन : उत्पादक आवाज बहुधा डीबीए या एककात देतात. कान नीच स्वर कमी ऐकतो म्हणून या मापनात ते वजा धरले जातात. १०० हर्ट्‌झला ही वजावट सुमारे १९ डेसिबेल असते. परिणामी गुणगुणणारा पंखा कागदावर शांत दिसू शकतो. संगणकासारख्या यंत्रांच्या आवाजाचे मापन आयएसओ ७७७९ या मानकात दिले आहे, तर सुट्या लहान पंख्यांसाठी आयएसओ १०३०२ आहे. सुटा पंखा मोकळ्या हवेत मोजलेला असेल तर तो आकडा कॅबिनेटमध्ये बसल्यावर खरा ठरेलच असे नाही, कारण जाळी व अडथळे त्या मापनात नसतात.

सारख्या आवाजाचे दोन पंखे एकत्र चालले तर पातळी केवळ ३ डेसिबेलने वाढते; दुसरा पंखा १० डेसिबेलने मंद असेल तर वाढ अर्धा डेसिबेलही होत नाही. म्हणजे सर्वांत मोठा आवाज करणारा पंखा सोडून बाकी सगळे बदलले, तरी कानाला फरक कळत नाही. खर्च वाया जाण्याचे हेच बहुधा मुख्य कारण.

निदान : आधी आवाज पंख्याचाच आहे ना, हे पाहावे. संगणकावर काम पडताच क्षणात सुरू होणारी व थांबताच बंद होणारी बारीक शीळ ही ग्राफिक्स कार्डावरील किंवा वीजपुरवठ्यातील कॉइलची असते. पंख्याला वेग घ्यायला व सोडायला काही सेकंद लागतात. अजिबात न बदलणारी गुणगुण हार्ड डिस्कची असू शकते : ७,२०० आरपीएमची डिस्क १२० हर्ट्‌झवर, ५,४०० ची ९० हर्ट्‌झवर थरथरते. फोनवरील ध्वनी-वर्णपट दाखवणाऱ्या ॲपमध्ये ठळक शिखर कोठे आहे ते पाहून वरील सूत्राशी ताडले, तर दोषी पंखा कॅबिनेट न उघडताही ओळखता येतो. फेऱ्यांचा आकडा बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ मांडणीच्या पडद्यावर) मिळतो. पंखा दर फेऱ्याला दोन स्पंद पाठवतो त्यावरून तो काढलेला असतो.

आवाजाच्या जातीवरूनही बरेच कळते, आणि मराठीतले ध्वन्यनुकारी शब्द इथे चांगलेच कामी येतात. वेगाबरोबर जलद होणारी टकटक म्हणजे पात्याला लागणारी वायर. गार यंत्र सुरू करताना होणारी व पाच-दहा मिनिटांत विरणारी किरकिर म्हणजे स्लीव्ह बेअरिंगमधले आटलेले तेल. खडखड बहुधा सैल स्क्रूची किंवा झिजलेल्या बॉल बेअरिंगची. लाटेसारखी वरखाली होणारी घूंघूं हे दोन पंख्यांचे विस्पंद (जवळजवळ सारखे दोन स्वर मिसळल्याने होणारे चढउतार) असतात : सात पात्यांचे दोन पंखे १,२०० व १,२३० आरपीएमने फिरत असतील तर सेकंदाला साडेतीन लाटा ऐकू येतात.

कॅबिनेटची बाजू काढताच आवाज उतरला तर हवेचा मार्ग कोंदलेला असतो किंवा तो पत्राच थरथरत असतो. पत्र्यावर तळवा दाबून दुसरी शक्यता तपासावी. पुठ्ठ्याची नळी कानाशी धरून एकेका पंख्याजवळ नेली की उगम सापडतो. शंका असलेला पंखा मधल्या गोल भागावर बोट टेकवून क्षणभर थांबवता येतो. पात्याला बोट लावू नये. यंत्र बंद करून पंखा हाताने फिरवला असता तो अडखळला किंवा आडवा हलला, तर बेअरिंग गेले समजावे.

उपाय : धूळ हा पहिला संशयित. हीटसिंकच्या फटी बुजल्या की तापमान चढते व पंखा वेग वाढवतो. दोष पंख्याचा नसतोच. फुंकून साफ करताना पाती धरून ठेवावीत, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरून बेअरिंग दुखावते. जुन्या यंत्रात सुकलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसर व हीटसिंक यांच्यामधला उष्णतावाहक लेप) बदलण्याचाही असाच परिणाम होतो.

त्यानंतर वेगाचे नियंत्रण. तीन तारांच्या पंख्याचा वेग व्होल्टेज कमी करून, तर चार तारांच्या पंख्याचा स्पंदरुंदी (पीडब्ल्यूएम) बदलून कमी करतात. इंटेलच्या विनिर्देशात या स्पंदांची कंप्रता २५ किलोहर्ट्‌झच्या आसपास ठेवली आहे. ती मानवी श्रवणाच्या सुमारे २० किलोहर्ट्‌झ मर्यादेपलीकडे जाते. आधीच्या काही पद्धतींत तारेचा पुरवठाच मंद गतीने चालू-बंद केला जाई व मोटर टिकटिकत असे. पंखा दर मिनिटाला चढत-उतरत असेल तर बायोसमधील तापमान-वेगाची रेषा सपाट करावी आणि वेग बदलण्यास काही सेकंदांचा विलंब द्यावा. एका वेगाची सवय होते, सततच्या चढउताराची होत नाही. विस्पंद जाण्यासाठी दोन पंख्यांचे वेग एकमेकांपासून चांगले दूर न्यावेत. वेग फार उतरवला तर पंखा सुरूच होत नाही. त्याला फिरत राहायला लागतो त्याहून जास्त जोर सुरू व्हायला लागतो.

पंखा व पत्रा यांच्यामध्ये रबरी किंवा सिलिकोनच्या खुंट्या बसवल्यास कंपन पत्र्यात उतरत नाही. पत्र्यातच छिद्रे पाडून केलेल्या जाळीपेक्षा तारेची जाळी बरी. हवा आत ओढणाऱ्या बाजूला पात्याला खेटून काहीही असले की स्वर ठळक होतो. आतून चिकटवायचा स्पंज उच्च स्वर शोषतो, घूंघूंवर त्याचा फारसा परिणाम नाही आणि उष्णता मात्र कोंडते. स्लीव्ह बेअरिंगला तेलाचा थेंब काही आठवडे-महिने निभावून नेतो. एसएमपीएस बंद केल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये घातक भार राहू शकतो, तेव्हा त्यातला पंखा बदलण्यासाठी तो घरी उघडू नये. सबंध डबाच बदलावा. पाण्याने गार करण्याच्या संचात पंखे मंद चालतात, पण पंपाची स्वतःची भणभण असतेच.