ब्रुअरी कुठं थांबते, डिस्टिलरी कुठं सुरू होते

सोलापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मी केमिस्ट आहे. लग्नकार्यात मेव्हणा कोपऱ्यात घेऊन म्हणतोच, "दाजी, एखादी पेटी बिअर सोडा की!" आमच्याकडं बिअर बनत नाही हे दहादा सांगून झालंय. त्याला वाटतं, दाजी चिक्कू आहेत.

बिअर बनते ब्रुअरीत. जव भिजवायचे, मटकीसारखे मोड आणायचे, वाळवून भरडायचे, गरम पाण्यात त्यांची गोडी उतरवायची, हॉप्सची कडसर फुलं घालून उकळायचं आणि गार झाल्यावर यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल करतं. मुरवून गाळलं की झाली बिअर, साधारण पाच टक्क्यांची.

सुरुवात आमचीही यीस्टनंच, फक्त जवाच्या जागी मळी, म्हणजे साखर काढून उरलेला दाट काळा पाक. पाणी घालून पातळ केलेली मळी आंबली की तपकिरी, खदखदणारा 'वॉश' तयार होतो, आठ-दहा टक्क्यांचा. ब्रुअरीवाला इथं थांबतो, आमचं खरं काम इथून पुढं. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पाणी १०० ला. त्या फरकावर कॉलममध्ये वाफ वर चढवत, गार करत आम्ही ९५ टक्क्यांपर्यंत पोचतो, हेच स्पिरिट. उरलेलं पाणीही काढलं की इथेनॉल, ते पेट्रोलमध्ये मिसळतात. म्हणजे आमचा माल मेव्हण्याच्या मोटारसायकलीनं केव्हाच प्यायलाय!

आपल्या बोलीत सांगायचं तर शिंदी ही बिअरची बहीण आणि हातभट्टी आमची. शिंदी नुसती आंबते: सकाळी गोड, उन्हं चढली की आंबट. (मे १९३० मध्ये कायदेभंगाच्या चळवळीत सोलापुरात रूपाभवानी मंदिराकडं लोक तोडायला गेले, ती ह्याच शिंदीची झाडं. पुढं गोळीबार, मार्शल लॉ.) हातभट्टीत मात्र आंबलेलं रसायन चुलीवर चढतं.

स्पिरिट वर्षानुवर्षं टिकतं, टँकरनं कुठंही जातं. बिअर शिळी होते. म्हणूनच पूर्वी गावागावाची आपली ब्रुअरी असायची, बहुतेक एकेका घराण्याची. अमेरिकेतली यिंगलिंग अशीच. जर्मनीच्या वुर्टेम्बर्गमधून आलेल्या डेव्हिड यिंगलिंगनं १८२९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या पॉट्सव्हिल या कोळसा खाणींच्या गावात ती सुरू केली. दोन वर्षांत जळाली. मग डोंगरउतारावर पुन्हा बांधली, आणि गारव्यासाठी डोंगराच्या पोटात भुयारं खोदली, कारण बर्फ करायची यंत्रं तेव्हा कुठली! आडनावाचं मूळ स्पेलिंगही तिकडच्या वळणानं बदललं. मला तेलंगणातून येऊन सोलापूरच्या पूर्वभागात घरातच माग टाकणारी पद्मशाली कुटुंबं आठवतात. १८७३ मध्ये डेव्हिडचा मुलगा भागीदार झाला तेव्हा पाटीवर 'अँड सन' लागलं. तिथं एक रीत आहे: धंदा वारशानं फुकट मिळत नाही, पुढच्या पिढीनं तो वडिलांकडून विकत घ्यायचा. आपल्याकडं वाटणीचे दावे कोर्टात किती चालतात ते बघता, रीत वाईट नाही.

आमच्याकडं तसलं काही नाही. कारखाना सहकारी, मालक हजारो सभासद.

१९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी आली तेव्हा यिंगलिंगनं अर्धा टक्क्याच्या आतली बिअर काढली आणि ब्रुअरीसमोर डेअरी टाकून आइस्क्रीम विकलं. १९३३ मध्ये बंदी उठली, तरी आइस्क्रीम पुढं कित्येक दशकं चालूच राहिलं.