रक्त थांबलं, पण करंगळी बधिरच

पावसाआधी पडवीवर पत्रा चढवताना आमच्या शेजारच्या काकांच्या उजव्या मनगटाला, करंगळीच्या बाजूला, पत्र्याची धार लागली. टाके पडले, रक्त थांबलं, सगळे निर्धास्त झाले. पुढे जेवताना भात बोटांच्या फटींतून सांडायला लागला. बोटं एकमेकांना चिकटेनातच.

घरात ‘शीर दुखावली’ एवढंच निदान. आपण रक्तवाहिनी, कंडरा (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) आणि चेतातंतू (मेंदू आणि शरीर यांच्यात संदेश नेणारी तार) या तिन्हींना सर्रास शीर म्हणतो. हा घोळ जुना आहे. प्राचीन ग्रीकही कंडरा आणि चेतातंतूला एकच शब्द वापरत, इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हिरोफिलसने शवविच्छेदन करून चेतातंतू वेगळे दाखवले.

चेतातंतूची रचना काथ्याच्या दोरीसारखी. आत हजारो बारीक धागे, त्यांच्याभोवती श्वान पेशी (थिओडोर श्वानने १८३९ मध्ये वर्णिलेल्या), धाग्यांचे पेड, प्रत्येक पेडाला वेष्टण आणि सगळ्यांवर मिळून एक बाहेरचं आवरण. १८५० मध्ये ऑगस्टस वॉलरने बेडकाच्या जिभेचे चेतातंतू कापून पाहिले: कापल्या जागेपुढचा भाग झडतो. १९४३ मध्ये हर्बर्ट सेडनने इजेचे तीन प्रकार केले. नुसता दाब बसून संदेश अडला, तर आठवड्यांत सुधारतं. आतला धागा तुटला पण वेष्टण शाबूत असेल, तर धागा त्याच वाटेने परत वाढतो. सगळंच तुटलं, तर शिवल्याशिवाय गत्यंतर नाही.

कोकणात कारणं डोळ्यांसमोरच असतात. आंब्यावरून पडताना मान एकीकडे, खांदा दुसरीकडे ओढला गेला की अख्खा हात लुळा पडू शकतो. कोयता, काच, पत्रा आहेतच. मधुमेह तर गावोगाव. जखमेशिवायही बोटं नखीसारखी वाकून बसतात ती कुष्ठरोगात. हॅन्सनने १८७३ मध्ये शोधलेला जंतू श्वान पेशींतच घर करतो, आणि थंड जागा त्याला मानवते, म्हणून कोपराजवळ कातडीलगत जाणारा चेतातंतू हमखास सापडतो. बोटं रोगाने कुजत नाहीत, बधिरपणामुळे भाजतात, कापतात, हे वेल्लोरचे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी ठासून मांडलं. आपल्याकडे ते अजून पुरतं पोचलेलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

काकांचा चेतातंतू दोन महिन्यांनी शिवला. वाढ दिवसाला साधारण १ मिलिमीटर. मनगटापासून करंगळीच्या टोकापर्यंत पाच-सहा महिने. टाके घालण्याआधी करंगळीला कापूस लावून ‘कळतंय का?’ एवढं विचारलं असतं, तर ते दोन महिने वाचले असते.