स्वस्त प्रोसेसरमधून कंपन्या काय काय कापत आल्या: १९९८ पासूनची पार्श्वभूमी

बारावीनंतरच्या ॲडमिशन झाल्या की घरोघरी एकच प्रश्न सुरू होतो, कॉलेजचं काम होईल, थोडं व्हिडिओ एडिटिंग होईल आणि गेम पण चालतील असा कॉम्प्युटर कमी पैशात बसवायचाय, प्रोसेसर कुठला घेऊ. उत्तरं पण लगेच मिळतात, कोणी म्हणतं इंटेलचा १२४००एफ डोळे झाकून घे, कोणी म्हणतं एएमडीचा ५६००, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत गेलात तर दुकानदार त्याच्याकडे जो स्टॉकला आहे तो सांगतो. पण स्वस्त प्रोसेसर स्वस्त का असतो, त्यातून नेमकं काय काढून घेतलंय, हे फार कमी लोक सांगतात. माझं पक्कं मत आहे की बजेट प्रोसेसर निवडताना बघायची मुख्य गोष्ट हीच, आणि ती कळायला थोडं मागे जावं लागतं.

आधी हे लक्षात घ्या की कंपन्या स्वस्त प्रोसेसरसाठी दरवेळी वेगळी चिप बनवत नाहीत. एकाच सिलिकॉनच्या चकतीवर शेकडो चिप्स छापल्या जातात, त्यातल्या काहींचा एखादा कोर (प्रत्यक्ष काम करणारा भाग) किंवा थोडी कॅश मेमरी (डेटा हाताशी ठेवायची जागा) खराब निघते, मग तेवढा भाग बंद करून ती चिप खालच्या नावाने आणि खालच्या भावात विकतात. इथपर्यंत ठीक आहे, मालाची नासाडी होत नाही. पण स्वस्त मालाला मागणी जास्त असली आणि खराब चिप्स कमी पडल्या की चांगल्या चिप्सचे पण भाग मुद्दाम बंद केले जातात, कारण महागड्या मॉडेलचा भाव टिकवायचा असतो.

सुरुवात करायची तर एप्रिल १९९८ पासून करावी लागेल. इंटेलने तेव्हा पहिला सेलेरॉन काढला, २६६ मेगाहर्ट्झचा, आणि त्यातून लेव्हल २ कॅश पूर्णच काढून टाकली. प्रोसेसरला लागणारा डेटा जवळ ठेवायची मोठी जागाच नाही म्हटल्यावर तो दर थोड्या वेळाने हळू रॅमकडे धावायचा, आणि ऑफिसच्या कामात तो चांगलाच रखडायचा. टीका इतकी झाली की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंटेलला सुधारून सेलेरॉन ३००ए आणावा लागला, आणि हा प्रोसेसर म्हणजे बजेट गेमिंगच्या इतिहासातला पहिला खरा हिरो. त्यात १२८ केबी कॅश होती, पण ती चिपच्या आतच, प्रोसेसरच्या पूर्ण स्पीडने चालणारी. महागड्या पेंटियम २ मध्ये ५१२ केबी होती पण बाहेर आणि निम्म्या स्पीडची. आता गंमत बघा, प्रोसेसरचा स्पीड म्हणजे बोर्डचा मूळ वेग (बस) गुणिले मल्टिप्लायर, ३००ए चा मल्टिप्लायर ४.५ वर लॉक होता आणि बस ६६ मेगाहर्ट्झची, लोकांनी बोर्डवर बस १०० केली की ४.५ गुणिले १०० म्हणजे सरळ ४५० मेगाहर्ट्झ. ज्या बोर्डवर तशी सोय नव्हती तिथे प्रोसेसर ज्या कार्डावर यायचा त्याच्या कडेच्या एका पिनवर टेपचा बारीक तुकडा लावून बोर्डाला चकवायचे. १४९ डॉलरची चिप ६६९ डॉलरच्या पेंटियम २ ४५० च्या बरोबरीने गेम चालवायची.

एएमडीने २००० मध्ये ड्युरॉन आणला, ॲथलॉनच्या २५६ केबीच्या जागी ६४ केबी लेव्हल २ कॅश, बाकी जवळपास तेच. त्यात पण लोक चिपवरचे तुटके ब्रिज साध्या पेन्सिलीने जोडून मल्टिप्लायर मोकळा करायचे, ग्राफाइटमधून करंट जातो म्हणून.

पुढची काही वर्षं मी भरभर सोडतो, पेंटियम ४ चा गिगाहर्ट्झचा खेळ आणि मग २००६ चा कोअर २ ड्युओ हे सगळ्यांना माहितीय. बजेटवाल्यांसाठी महत्त्वाचं वर्ष २००९. त्या जूनमध्ये एएमडीचा फिनॉम २ एक्स२ ५५० आला, नावाला दोन कोरचा, पण आतली चिप चार कोरची आणि दोन झोपवलेले. काही मदरबोर्डच्या बायोसमध्ये (बोर्डच्या आतल्या सेटिंगमध्ये) ॲडव्हान्स्ड क्लॉक कॅलिब्रेशन नावाचा ऑप्शन होता, तो चालू केला आणि नशीब असलं तर विंडोजमध्ये चार कोर दिसायचे. सगळ्यांचे व्हायचे नाहीत, काहींचा झोपवलेला कोर खरंच खराब असायचा आणि मशीन हँग व्हायचं. पण ज्यांचे झाले त्यांना दोनच्या भावात चार कोर मिळाले. नंतर तर बोर्डवाल्या कंपन्या कोर अनलॉक हे बॉक्सवर छापून बोर्ड विकायला लागल्या.

मग जानेवारी २०११ मध्ये सँडी ब्रिज आला आणि इंटेलने हे सगळे चोरदरवाजे बंद केले. बेस क्लॉक, म्हणजे मल्टिप्लायरने गुणायचा तो मूळ वेग, बाकीच्या सगळ्या सर्किटशी असा बांधला की तो थोडा जरी वाढवला तरी मशीन गडबडायचं, ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त स्पीडने चालवणं, हवं असेल तर नावात के असलेला महाग प्रोसेसर घ्या आणि बोर्ड पण महागातला घ्या. आय३ म्हणजे दोन कोर चार थ्रेड (थ्रेड म्हणजे एका वेळी हाताळता येणारी कामाची ओळ), आय५ म्हणजे चार कोर आणि चारच थ्रेड, आय७ म्हणजे चार कोर आठ थ्रेड, ही वाटणी २०१७ पर्यंत डेस्कटॉपला जवळपास तशीच राहिली. सात वर्षं! समोर कोणी नव्हतं म्हणून. एएमडीचा बुलडोझर ऑक्टोबर २०११ मध्ये आला तो आठ कोर म्हणून, पण त्यात दोन-दोन कोर मिळून एक फ्लोटिंग पॉइंट युनिट (दशांशाची गणितं करणारा भाग) वापरायचे, एकेका कोरचा जोर कमी आणि वीज जास्त. त्या आठ कोरच्या जाहिरातीवरून अमेरिकेत खटला झाला आणि २०१९ मध्ये एएमडीने १.२१ कोटी डॉलर देऊन तो मिटवला. तरी याच घराण्यातला एफएक्स-६३०० खूप खपला कारण त्या पैशात दुसरं काही मिळतच नव्हतं.

या काळातला एक प्रोसेसर मला मुद्दाम सांगायचाय कारण त्यातून सगळ्यात जास्त शिकायला मिळतं. २०१४ मध्ये इंटेलने पेंटियमच्या वर्धापनानिमित्त जी३२५८ काढला, ७२ डॉलर, दोन कोर, ३.२ गिगाहर्ट्झ, आणि मल्टिप्लायर मोकळा. लोक खूश झाले, तो साडेचार गिगाहर्ट्झपर्यंत सहज जायचा आणि त्या वेळच्या बऱ्याच गेम्समध्ये आय५ च्या जवळ फ्रेम द्यायचा. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फार क्राय ४ आला आणि दोन थ्रेडच्या प्रोसेसरवर तो सुरूच होईना, काळी स्क्रीन. गेम बनवणाऱ्यांनी चार थ्रेड धरूनच काम वाटलं होतं, तिथे स्पीड कितीही वाढवला तरी उपयोग नव्हता. म्हणजे स्पीड ही नंतर वाढवता येणारी गोष्ट होती आणि थ्रेड ही नव्हती, आणि कात्री नेमकी थ्रेडवर लागली होती.

जानेवारी २०१७ मध्ये इंटेलने पेंटियम जी४५६० ला हायपरथ्रेडिंग दिलं, ६४ डॉलरमध्ये दोन कोर चार थ्रेड, त्यामुळे ११७ डॉलरचा आय३-७१०० घ्यायचं कारणच उरलं नाही. पण त्यातून एव्हीएक्स सूचना (बरीच गणितं एका झटक्यात करणाऱ्या) कापलेल्या होत्या आणि पुढे काही गेम्स एव्हीएक्स मागायला लागले तेव्हा हेच कापलेलं नडलं.

आणि मग २०१७ चा एएमडीचा रायझन. ११ एप्रिलला रायझन ५ १६०० आला, २१९ डॉलर, सहा कोर बारा थ्रेड, कूलर बॉक्समध्ये, ओव्हरक्लॉकिंग मोकळं. तेव्हा इंटेलचा आय५-७६००के २४२ डॉलरला चार कोर चार थ्रेड होता, कूलर वेगळा घ्यायचा. गेममध्ये इंटेल अजून पुढे होता हे खरं, पण रेंडरिंग, कोड कंपाइल करणं, गेम चालू ठेवून स्ट्रीमिंग करणं यात रायझनने बाजी मारली, आणि एकाच मशीनवर काम आणि गेम दोन्ही करणाऱ्याला पहिल्यांदा तडजोड करावी लागली नाही. परिणाम बघा, त्याच ऑक्टोबरमध्ये इंटेलने आय३-८१०० चार खऱ्या कोरचा केला आणि किंमत तीच ठेवली, ११७ डॉलर. जे सात वर्षं होत नव्हतं ते सहा महिन्यांत झालं.

फेब्रुवारी २०१८ चा रायझन ३ २२००जी पण विसरून चालणार नाही. क्रिप्टो मायनिंगमुळे ग्राफिक्स कार्डांचे भाव तेव्हा आकाशाला भिडले होते आणि हा ९९ डॉलरचा प्रोसेसर आतल्या वेगा ग्राफिक्सवर हलके गेम कार्डाशिवाय चालवायचा. फक्त रॅमच्या दोन पट्ट्या लावायला लागायच्या, कारण आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं आणि एकाच पट्टीवर त्याचा रस्ता निम्मा होतो. आजही असा प्रोसेसर घेऊन एकच पट्टी लावलेली मशीन्स दुकानातून सर्रास बाहेर पडतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

यानंतर कापायच्या गोष्टी बदलल्या. २०१९ पासून इंटेलने एफवाले प्रोसेसर काढले, आतलं ग्राफिक्स बंद आणि किंमत थोडी कमी. २०२२ च्या जानेवारीत आलेला आय३-१२१००एफ चार कोर आठ थ्रेडचा, आणि आय५-१२४००एफ सहा कोर बारा थ्रेडचा, दोन्हीत छोटे ई-कोर नाहीत पण मोठे कोर अस्सल, म्हणून ते इतके चालले. एप्रिलमध्ये एएमडीने १५९ डॉलरला ५५०० आणि १९९ ला ५६०० आणला, नावात शंभराचा फरक, दोन्ही सहा कोर बारा थ्रेड. पण ५५०० मध्ये लेव्हल ३ कॅश १६ एमबी, ५६०० मध्ये ३२. शिवाय ग्राफिक्स कार्डाशी बोलायचा रस्ता, पीसीआय एक्स्प्रेस, ५५०० ला तिसऱ्या पिढीचा आणि ५६०० ला दुप्पट स्पीडच्या चौथ्या पिढीचा. आता आरएक्स ६५००एक्सटी सारखं कार्ड त्या रस्त्याच्या चारच लेन वापरतं, ते ५५०० वर लावलं की त्या चार लेन पण निम्म्या स्पीडच्या होतात आणि ४ जीबी मेमरी भरली की गेम अडखळतो. स्वस्त प्रोसेसर आणि स्वस्त कार्ड, दोघांची कापाकापी एकाच जागी आली. एएमडीच्या एएम५ सॉकेटवरच्या (सॉकेट म्हणजे बोर्डवरची प्रोसेसरची बैठक) ८५००जी ला तर कार्डासाठी मुळातच चार लेन दिल्यात, पुढे कार्ड घालायचं असेल तर हे आधी बघा.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी विंडोज ११ ने आणखी एक रेघ मारली. मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलची आठवी पिढी आणि पुढचे आहेत, म्हणून आय३-८१०० चालतो पण त्याच वर्षीचा महागडा आय७-७७००के यादीत नाही, पहिला रायझन १६०० पण नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा कामाच्या मशीनसाठी स्वस्तात मिळतोय म्हणून सातव्या पिढीचा आय७ घेऊ नका.

राहिला सॉकेटचा प्रश्न. इंटेलने २०११ ते २०२१ मध्ये ११५५, ११५०, ११५१, १२००, १७०० असे सॉकेट बदलले, ११५१ मध्ये तर पिना तेवढ्याच ठेवून आठव्या पिढीला नवा बोर्ड लावला. एएमडीचा एएम४ २०१६ पासून चालत आला, १६०० वाल्या जुन्या बोर्डवर बायोस अपडेट करून ५६०० बसवलेले कितीतरी लोक आहेत. एएम५ ला मात्र फक्त डीडीआर५ ही नव्या प्रकारची रॅम चालते, जुनी डीडीआर४ नाही, आणि २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरमुळे रॅमचे भाव असे भडकले की बजेटचं सगळं गणितच उलटं झालं, रॅम बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं.

त्यामुळे घरात डीडीआर४ रॅम पडून असेल तर मी ५६०० किंवा १२४०० च घेईन, सगळंच नवीन असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर एएम५ वर ७६००. आणि मशीन कामाचं पण आहे म्हणून इंटेल घेताना थोडे जास्त देऊन एफ नसलेला घेईन, ग्राफिक्स कार्ड सर्व्हिस सेंटरला गेलं तरी आतल्या ग्राफिक्सवर एक्सेल आणि मीटिंग चालू राहते.