केंद्रकातलं प्रथिन रक्तात सापडतं तेव्हा

गणपती उठले की जळगाव-धुळ्याच्या पेपरांत डेंग्यूच्या बातम्या सुरू होतात आणि त्यांत 'एलायझा' हा शब्द हमखास असतो. कार्डावरची झटपट टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी सरकारी नोंदीत तो रुग्ण 'संभाव्य'च. एलायझाचा रिपोर्ट आला की मग पक्का. रावेर-यावलच्या केळीवाल्यांच्याही हे नाव कानावरून गेलेलं असतं. टिश्यूकल्चरची रोपं ज्या मातृरोपापासून वाढवतात, त्यात सीएमव्हीसारखा (कुकुंबर मोझॅक) विषाणू लपलेला नाही ना, हे बघायला हीच चाचणी कामी येते.

पण एलायझाचं किट फक्त विषाणू पकडायला नसतं. ज्या प्रथिनाला चिकटणारं प्रतिपिंड, म्हणजे अँटीबॉडी, तयार करता येतं, ते जवळपास कुठलंही प्रथिन त्यातून मोजता येतं. त्यातलंच एक एचएमजीबी-१. राहतं पेशीच्या केंद्रकात, पण संशोधक ते शोधतात रक्तात.

माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर साधारण दोन मीटर भरतो आणि तो मावतो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान अशा केंद्रकात. हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेल्या या डीएनएला क्रोमॅटिन म्हणतात. एचएमजीबी-१ या क्रोमॅटिनला जाऊन चिकटतं, डीएनएला बाक देतं आणि जनुकं वाचणाऱ्या इतर प्रथिनांना वाट करून देतं. १९७३ साली वासराच्या थायमस ग्रंथीतून ते वेगळं काढलं गेलं, तेव्हा त्याच्याकडे केंद्रकातलं एक कामसू प्रथिन एवढ्याच नजरेनं पाहिलं जात होतं.

१९९९ साली चित्र पालटलं. अमेरिकेतले संशोधक केव्हिन ट्रेसी यांच्या गटानं दाखवलं की जिवाणूंचं विष दिलेल्या उंदरांच्या रक्तात हे प्रथिन उशिरानं वाढतं आणि त्याला प्रतिपिंडानं अडवलं तर उंदीर वाचू शकतात. पुढे २००२ मध्ये आणखी मजेशीर गोष्ट कळली. पेशी ठरल्या वेळी, शिस्तीत मरते तेव्हा एचएमजीबी-१ क्रोमॅटिनला घट्ट धरून राहतं. पेशी इजेनं फुटून मरते तेव्हा मात्र ते बाहेर सांडतं. देवघरातला टाक रस्त्यावर पडलेला दिसला, तर त्या घरात काहीतरी विपरीत घडलंय हे कुणी सांगावं लागत नाही. शरीराची रोगप्रतिकार यंत्रणाही बाहेर आलेल्या एचएमजीबी-१ चा अर्थ असाच लावते आणि दाह सुरू करते.

आता हे मोजायचं कसं? निरोगी माणसाच्या एक मिलिलिटर प्लाझ्मामध्ये, म्हणजे रक्तातल्या पेशी वगळून उरणाऱ्या द्रवात, ते असतं काही नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. वजनकाट्याचं हे काम नाही. रोझलिन यॅलो आणि सोलोमन बर्सन या अमेरिकी संशोधकांनी अशा मोजणीसाठी प्रतिपिंडं वापरली, पण खूण म्हणून त्यांना किरणोत्सारी आयोडीन लागायचं. १९७१ मध्ये स्टॉकहोमला एव्हा एंगव्हाल आणि पीटर पर्लमन यांनी, आणि त्याच सुमारास नेदरलँड्समधल्या दोघांनी, किरणोत्साराऐवजी रंग आणणारं एन्झाइम जोडलं. एलायझा जन्मली ती अशी. साध्या लॅबलाही परवडेल अशी ही युक्ती होती, म्हणून तर ती तालुक्याच्या गावापर्यंत पोचली.

किटमध्ये तळहाताएवढी प्लास्टिकची प्लेट असते, तिच्यात ९६ खळगे. प्रत्येक खळग्याच्या तळाला एचएमजीबी-१ धरून ठेवणारं प्रतिपिंड आधीच चिकटवलेलं. त्यात नमुना टाकला की प्रथिन तळाशी अडकतं आणि बाकीचं धुऊन जातं. मग दुसरं प्रतिपिंड त्याच प्रथिनाला वरच्या बाजूनं चिकटतं. त्याच्याशी जोडलेलं असतं मुळ्याच्या जातीतल्या हॉर्सरॅडिश नावाच्या कंदातलं एन्झाइम. पुन्हा धुणं. या धुण्याचा कंटाळा केला की सगळी प्लेट निळी होते आणि दिवस वाया जातो. शेवटी टीएमबी नावाचं द्रावण घातलं की जिथे प्रथिन जास्त तिथे गडद निळा रंग चढतो, जिथे कमी तिथे फिकट. सौम्य सल्फ्युरिक आम्लाचे थेंब पडताच निळ्याचा पिवळा होतो आणि रीडर नावाचं यंत्र ४५० नॅनोमीटरच्या प्रकाशात त्या पिवळ्याची तीव्रता मोजतं. आकडा मिळतो तो तुलनेतून: माहीत असलेल्या प्रमाणाचे आठ नमुने दोन-दोन खळग्यांत लावले तर सोळा खळगे त्यातच जातात. उरलेल्या ऐंशीत चाळीस जणांचं रक्त, प्रत्येकाचं दोनदा.

हे प्रतिपिंड बनवणंही सोपं नसतं. सस्तन प्राण्यांमध्ये एचएमजीबी-१ जवळजवळ ९९ टक्के सारखंच. सशाला माणसाचं टोचलं तर त्याच्या शरीराला ते आपलंच वाटतं आणि प्रतिपिंड नीट तयार होत नाही. म्हणून काही प्रतिपिंडं कोंबडीत तयार करून अंड्याच्या बलकातून काढतात.

किटसोबतच्या कागदावर 'रूम टेंपरेचर' लिहिलेलं असतं आणि त्याचा अर्थ असतो वीस ते पंचवीस अंश. मे महिन्यात भुसावळला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा तो कागद लिहिणाऱ्याची गंमत वाटते. एसी बंद पडला, लाइट गेली, तर एन्झाइम जोरात धावतं, कडेचे खळगे मधल्यांपेक्षा आधी तापतात आणि एकाच रक्ताचे दोन आकडे निघतात. किट येतं तेही बर्फाच्या पाकिटांसकट, दोन ते आठ अंशांत ठेवायचं. कुरियरच्या गोदामात ते शनिवार-रविवार पडून राहिलं तर विचारायलाच नको.

आपल्याकडे या प्रथिनाचा संबंध लागतो तो सिकलसेलशी. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यात, भिल्ल-पावरा पाड्यांवर हा आजार घराघरांत माहीत आहे. हिमोग्लोबिनच्या साखळीतला एक अमिनो आम्लाचा मणी बदललेला, त्यापायी लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, फुटतात, बारीक वाहिन्यांत अडकतात. सिकलसेलच्या रुग्णांच्या रक्तात एचएमजीबी-१ वाढलेलं असतं आणि वेदनेच्या झटक्यात आणखी वाढतं, असं परदेशातल्या अभ्यासांत दिसलं आहे. पण सिकलसेलचं निदान या किटवर होत नाही. त्यासाठी सोल्युबिलिटी टेस्ट आणि मग इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. एचएमजीबी-१ ची किटं साधारणपणे केवळ संशोधनासाठी म्हणून विकली जातात. कुणी ती हेल्थ पॅकेजात घालून विकायला आलं, तर मी तरी पैसे देणार नाही.

संशोधनासाठी नमुने घ्यायचे तरी खरी कसोटी किटच्या आधीच लागते. पाड्यावर रक्त काढलं, पेटी जीपमध्ये ठेवली, घाट उतरून नंदुरबारला येईपर्यंत ते उन्हात हिंदकळत राहिलं, तर आत पेशी फुटतात. शिवाय प्लेटलेटमध्ये केंद्रक नसूनही एचएमजीबी-१ असतं. रक्त गोठताना त्या ते सोडतात. म्हणून सिरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या द्रवात, आकडा मोठा येऊ शकतो आणि त्यातला किती रुग्णाचा, किती नळीतला, हे सांगता येत नाही. गोठू न देणारी नळी वापरायची, लवकर सेंट्रीफ्यूज करायचं, म्हणजे यंत्रात गरगर फिरवून पेशी वेगळ्या करायच्या, प्लाझ्मा ताबडतोब गोठवायचा. माझ्या मते सातपुड्यातल्या अशा कामात महागड्या किटपेक्षा गावातल्या उपकेंद्रात चालणारा छोटा सेंट्रीफ्यूज जास्त मोलाचा.

एवढं सगळं जमलं तरी रक्तातली इतर प्रथिनं एचएमजीबी-१ ला झाकून टाकू शकतात आणि मग प्रतिपिंडाला ते पुरतं दिसत नाही. आणखी एक अडचण उरते. याच्या साखळीत २३, ४५ आणि १०६ व्या जागी सिस्टीन नावाचे अमिनो आम्लाचे मणी असतात. ते ऑक्सिजनच्या तावडीत सापडलेले नसले तर प्रथिन दुरुस्तीच्या पेशींना बोलावतं. पहिले दोन एकमेकांना बांधले गेले आणि तिसरा मोकळा राहिला तर दाह भडकवतं. तिन्ही पूर्ण ऑक्सिडाइज झाले तर यातलं काहीच करत नाही. नेहमीच्या किटला प्रथिनाची ही तिन्ही रूपं सारखीच दिसतात, ते फक्त एकूण बेरीज देतं. ती वेगळी ओळखायची तर रेणूंचं वजन मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर लागतो.