संगीताच्या पॉडकास्टमध्ये गप्पा जास्त, गाणी कमी का? एक पार्श्वभूमी

नवं स्वतंत्र संगीत शोधायला ऑनलाइन कार्यक्रमांकडे वळणाऱ्या श्रोत्यांची एक तक्रार ठरलेली असते. तासाभराच्या भागात गाणी दोन-तीन, बाकी सगळ्या गप्पा. वाजतात ती गाणीही बहुतेक वेळा स्टुडिओत गिटार घेऊन नव्याने गायलेली, मूळ रेकॉर्ड नव्हे. निवेदकांना बोलायची हौस असते हे खरंच, पण हा साचा हौसेतून आलेला नाही, कॉपीराइट कायद्यातून आला आहे. पॉडकास्ट आणि इंडी, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेरचं स्वतंत्र संगीत यांची जोडी जमली तीही बऱ्याच अंशी याच कारणाने: बाकीच्या गाण्यांची वाट बंद होती.

असं याआधीही झालं होतं. ब्रिटनच्या सार्वजनिक रेडिओवर रेकॉर्ड किती तास वाजवायच्या यावर १९८८पर्यंत मर्यादा होती. रेकॉर्ड कंपन्या आणि वादकांची संघटना यांच्याशी तसा करारच होता. उरलेला वेळ भरायला बँड्सना स्टुडिओत बोलावून तीन-चार गाणी ध्वनिमुद्रित करायची पद्धत पडली. तिथल्या रात्रीच्या कार्यक्रमांतली ही 'सेशन्स' आज दंतकथा होऊन बसली आहेत. कित्येक बँड्सची पहिली ओळख त्यातूनच झाली. आपल्याकडे १९५२मध्ये आकाशवाणीने चित्रपटगीतं बंद केली, श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले आणि १९५७मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. तो इतिहास सर्वांना पाठ आहे. त्यातून स्वतंत्र संगीताच्या वाट्याला काहीच आलं नाही, एवढंच इथे नोंदवायचं. २००१पासून खासगी एफएम आलं, तेही चित्रपटगीतांवरच पोसलं गेलं.

इंटरनेटवर रेडिओ आला तो कॉलेजांच्या स्टेशनांवरून. नॉर्थ कॅरोलायनातल्या एका विद्यार्थी केंद्राने नोव्हेंबर १९९४मध्ये आपलं प्रसारण नेटवर टाकलं. पुढच्या चार-पाच वर्षांत घरातून, गॅरेजातून चालणाऱ्या वेबरेडिओंचं पीक आलं. मोठ्या स्टेशनांवर ज्यांना कधीच जागा मिळाली नसती अशी अ‍ॅम्बियंट, लो-फाय, इलेक्ट्रॉनिक गाणी तिथे चोवीस तास वाजत होती.

१९९८च्या अमेरिकन कायद्याने या मंडळींना एक सोय दिली. प्रत्येक लेबलची, म्हणजे ध्वनिमुद्रण कंपनीची, परवानगी मागायची गरज नाही, ठरलेला दर भरा आणि कुठलंही प्रकाशित गाणं वाजवा. सोयीबरोबर अटी आल्या. तीन तासांत एका अल्बममधली तीनपेक्षा जास्त गाणी नाहीत, त्यातली सलग दोनच. एका कलाकाराची चारपेक्षा जास्त नाहीत. पुढे काय वाजणार हे आधी जाहीर करायचं नाही. जुना कार्यक्रम साठवून ऐकवायचा असेल तर तो किमान पाच तासांचा हवा आणि दोन आठवड्यांत उतरवायला हवा. एखाद्या अपरिचित बँडचा नवा अल्बम अख्खा ऐकवायचा, ही इंडी निवेदकाची सर्वांत साधी इच्छा त्यामुळे नियमाबाहेर गेली. लेबलने स्वतः सूट दिली तरच ती पुरी होणार. छोटी लेबलं ती आनंदाने द्यायची, मोठी पत्राला उत्तरही देत नसत.

हा दर किती, हे मात्र तेव्हा ठरलेलं नव्हतं. तो ठरवताना जे झालं ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पुढची सगळी घडी तिथे बसली. लवादाच्या समितीने २००२च्या सुरुवातीला सुचवलं की फक्त नेटवर चालणाऱ्या स्टेशनांनी दर गाण्यामागे, दर श्रोत्यामागे ०.१४ सेंट द्यावेत. एफएमचंच प्रसारण नेटवर करणाऱ्यांना याच्या निम्मा दर. १ मे २००२ रोजी शेकडो वेबरेडिओंनी निषेध म्हणून दिवसभर शांतता पाळली. अमेरिकेत कॉपीराइटचं कार्यालय संसदेच्या ग्रंथालयाच्या अखत्यारीत येतं, म्हणून शेवटचा शब्द ग्रंथपालांचा. त्यांनी २० जूनला दोघांनाही ०.०७ सेंट असा एकच दर लावला. वर तो १९९८च्या ऑक्टोबरपासून मागे जाऊन वसूल करायचा होता.

आकडा दिसायला क्षुल्लक. तासाला पंधरा गाणी वाजवणाऱ्या, सरासरी ५०० श्रोते असलेल्या स्टेशनाचा हिशेब मांडला तर दिवसाला १ लाख ८० हजार वादनं, म्हणजे १२६ डॉलर होतात. वर्षाचे जवळजवळ ४६ हजार. श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या हौशी माणसाने हे कुठून आणायचे? श्रोते वाढले की कर्ज वाढणार, असा हा उलटा व्यवसाय झाला. शिवाय याच गाण्यासाठी अमेरिकेतलं एफएम स्टेशन ध्वनिमुद्रणाच्या मालकाला एक पैसाही देत नव्हतं, आजही देत नाही. तिथे रॉयल्टी मिळते ती फक्त गीतकार-संगीतकारांना.

ध्वनिमुद्रण कंपन्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. डिजिटल प्रत सहज साठवता येते, तेव्हा नेटवरचं वाजवणं विक्रीला पर्याय ठरेल, अशी त्यांना भीती होती. गाण्यांच्या फाइली फुकट वाटून घ्यायची सोय देणाऱ्या नॅपस्टरच्या वर्षांत ही भीती निराधार म्हणता येत नाही. कलाकारांनाही या दरातून थेट वाटा मिळणार होता. प्रश्न होता तो दर कशावरून काढला याचा. समितीने आधार धरला तो मुख्यतः एका बलाढ्य पोर्टलने लेबलांशी केलेल्या कराराचा. त्या पोर्टलला आपली वेबरेडिओ कंपनी विकणाऱ्या संस्थापकाने नंतर उघड सांगितलं की उत्पन्नाच्या टक्केवारीचं सूत्र मुद्दामच टाळलं होतं, कारण टक्केवारीवर छोटे स्पर्धक तग धरून राहिले असते. ज्यांना बाजारातून हाकलायचं त्यांच्यासाठी बनवलेला दर त्यांनाच सरकारी भाव म्हणून लागू झाला, असं म्हणणं मला तरी अतिशयोक्तीचं वाटत नाही.

त्या जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोतलं एक लोकप्रिय केंद्र बंद पडलं आणि नोव्हेंबरात पुन्हा सुरू झालं. डिसेंबरात छोट्यांसाठी वेगळ्या तडजोडीचा कायदा लागू झाला. पुढच्या दोन वर्षांसाठी त्यांना उत्पन्नाच्या १० ते १२ टक्के भरायचे होते. २००७मध्ये दर वाढले तेव्हा हेच नाट्य पुन्हा झालं: जूनमध्ये शांततेचा दिवस, मग २००८ आणि २००९मध्ये तडजोडीचे कायदे.

पॉडकास्ट जन्मला तो या भांडणाच्या मधोमध. फीडमधून, म्हणजे नवा मजकूर वर्गणीदाराकडे आपोआप पोचवणाऱ्या यादीतून, ध्वनिफाइल पाठवायची तांत्रिक सोय २०००च्या अखेरीपासून होती. नाव २००४मध्ये मिळालं आणि जून २००५मध्ये आयट्यून्सने पॉडकास्ट आपल्या यादीत घेतले. संगीतप्रेमींना वाटलं, आता दरांची कटकट संपली. पण १९९८ची सवलत फक्त प्रवाही प्रसारणाला होती. पॉडकास्ट डाउनलोड होतो, म्हणजे कायद्याच्या नजरेत प्रत तयार होते आणि वाटली जाते. त्यासाठी लेबलची वेगळी परवानगी लागते आणि गीत-संगीताच्या मालकाची आणखी वेगळी. मोठ्या कंपन्यांकडे तेव्हा अशा परवानगीचा अर्जसुद्धा नव्हता.

उरला कोण? ज्याने गाणं स्वतः लिहिलं, स्वतः ध्वनिमुद्रित केलं आणि ज्याच्याकडे दोन्ही हक्क होते तो. त्याच्या एका ईमेलवर काम भागत होतं. २००५मध्ये अशा गाण्यांचा एक सामायिक साठाच उभा राहिला. निवेदकांनी तिथून गाणं उचलायचं, वाजवायचं आणि कळवायचं. २००२च्या अखेरीस आलेल्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यांनीही, म्हणजे निर्मात्याने आधीच जाहीर केलेल्या मोफत वापराच्या परवानगीनेही, मदत केली. 'पॉडसेफ', म्हणजे पॉडकास्टमध्ये निर्धास्त वाजवता येईल असं गाणं, हा शिक्का रूढ झाला. तो वाटत होता तितका सुरक्षित मात्र नव्हता. हक्क वसूल करणाऱ्या संस्थेचा सभासद होताना ब्रिटन-जर्मनीतले संगीतकार आपले हक्क संस्थेच्या नावे करून देतात. मग स्वतःचं गाणं फुकट द्यायलाही ते मोकळे राहत नाहीत. कलाकार हौसेने 'वाजवा' म्हणायचा आणि संस्थेचं बिल यायचं. अमेरिकेत तशी अडचण नव्हती, तिथला कलाकार संस्थेत राहूनही स्वतः परवानगी देऊ शकत होता. सुरुवातीच्या इंडी पॉडकास्टमध्ये अमेरिकन बँड्सचा भरणा का, याचं एक उत्तर इथे आहे.

दुसरा मार्ग सेशनचा. कलाकाराला बोलवा, आपल्या माइकवर गाऊन घ्या. ध्वनिमुद्रण आपलं, म्हणून लेबलशी बोलणी निम्म्यावर येतात. २००८मध्ये वॉशिंग्टनच्या सार्वजनिक रेडिओच्या कचेरीत एका टेबलामागे अशा मैफली सुरू झाल्या. सिअ‍ॅटलच्या एका केंद्राने व्हिडिओ सेशन्सवर जगभर नाव कमावलं.

भारतात हे सगळं उशिरा आणि वेगळ्या कायद्याखाली आलं. २०१२च्या दुरुस्तीने प्रसारकांसाठी कलम ३१-डी आलं: पूर्वसूचना द्या, ठरलेला दर भरा, वाजवा. यात इंटरनेट येतं का? २०१६मध्ये केंद्राच्या एका विभागाने 'येतं' असं टिपण काढलं. एप्रिल २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते बाजूला ठेवलं. कलम फक्त रेडिओ आणि टीव्हीसाठी आहे, टिपण न्यायालयावर बंधनकारक नाही. खटला एका संगीत कंपनीचा आणि एका मोबाइल कंपनीच्या अ‍ॅपचा होता, वादात होती ती मुख्यतः चित्रपटगीतं. इंडी कलाकारांचा त्यात संबंधच नव्हता. २०२१मध्ये संसदीय समितीने इंटरनेटलाही या कलमात घ्यावं अशी शिफारस केली, तर ऑक्टोबर २०२२मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने २०१९चाच निकाल कायम केला. पुण्या-मुंबईत खोलीत बसून कार्यक्रम करणाऱ्याला त्यामुळे सरकारी दराचा रस्ताच नाही. प्रत्येक मालकाशी बोलणी हाच मार्ग. चित्रपटगीताच्या मालकाशी ती परवडत नाहीत, इंडी कलाकाराशी व्हॉट्सअ‍ॅपवर होतात.

निकालाच्या आधीच इथल्या लोकांनी साचा ओळखला होता. २०१०मध्ये पुण्यात सुरू झालेल्या महोत्सवामुळे स्वतंत्र बँड्सना श्रोता आहे हे दिसलं होतं. २०१५मध्ये मुंबईतून फक्त भारतीय इंडी कलाकारांसाठी पॉडकास्ट सुरू झाला. मुलाखत आणि मोजक्या वाद्यांवर स्टुडिओत गायलेली गाणी, असं त्याचं स्वरूप होतं. २०१७मध्ये दिल्लीतून एक वेबरेडिओ आला, त्यावर डीजे आणि संग्राहक आपापले तास चालवू लागले. मराठीत बोलणारे पॉडकास्ट गेल्या काही वर्षांत भरपूर झाले, पण नवी मराठी गाणी निवडून ऐकवणारे फार थोडे. मराठी रॅप आणि इलेक्ट्रॉनिक गाणी लोकांपर्यंत गेली ती बहुतेक रील्समधून, निवेदकाच्या हातून नव्हे.

ऑक्टोबर २०२०मध्ये एका मोठ्या स्ट्रीमिंग सेवेने बोलण्याच्या मध्ये अख्खं गाणं घालायची सोय दिली. गाणं सेवेच्याच साठ्यातून वाजणार, म्हणून परवान्याचा प्रश्न मिटला. पण असा कार्यक्रम त्या अ‍ॅपबाहेर नेता येत नव्हता आणि पैसे न भरणाऱ्या श्रोत्याला गाण्याचे तीसच सेकंद ऐकू येत.

ईमेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर मिळालेल्या परवानगीतही एक अडचण शिल्लक आहेच. त्यात मुदत किंवा प्रदेश क्वचितच लिहिलेला असतो. पुढे त्याच कलाकाराने लेबलशी करार केला किंवा तो हक्कवसुली संस्थेत गेला, की जुन्या भागातल्या गाण्यावर आपोआप दावा लागतो. अनुभवी निर्माते त्यामुळे आता दोन ओळींचा कागद आधीच सही करून घेतात: गाणं कोणतं, हक्क कोणाचे आणि भाग कायम ठेवायची मुभा आहे की नाही.