बंद कारखान्यांतील निवृत्तिदेण्यांचा लवाद (खानदेश)

कारखाना बंद पडल्यावर ग्रॅच्युइटी, फंड (भविष्य निर्वाह निधी), शिल्लक रजेचा पगार आणि कारखाना बंद केल्याबद्दलची भरपाई यांवरून युनियन व मालक यांच्यात उठणारा वाद दोघांनी मिळून नेमलेल्या पंचाकडे सोपवण्याची पद्धत. खानदेशात हा प्रश्न आधी कापडगिरण्यांतून आला : जळगावची खानदेश मिल, अंमळनेरची प्रताप मिल. पुढे चाळीसगावचा बेलगंगा, फैजपूरचा मधुकर, साक्री तालुक्यातला पांझराकान हे साखर कारखाने थंडावले, आणि समोर मालकाऐवजी कर्ज वसूल करायला आलेली बँक दिसू लागली.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील कलम १०-अ प्रमाणे असा पंच लेखी कराराने नेमता येई; निवाडा प्रसिद्ध झाल्यावर ३० दिवसांनी बंधनकारक होई. नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. स्वेच्छा लवाद तिच्यातही आहे. कापड व साखर धंद्यांसाठी महाराष्ट्रात १९४६ चा वेगळा कायदा होता. त्यात कामगारांच्या वतीने बोलण्याचा मान प्रातिनिधिक युनियनचा, म्हणजे पुरेसे वर्गणीदार सभासद असल्याने तशी नोंद झालेल्या युनियनचा. भोंगा थांबला की वर्गणी थांबते, आणि ही युनियन नेमकी कोणाची प्रतिनिधी, हाच पहिला वाद होऊन बसतो.

पंचाला सगळेच मोकळे नसते. ग्रॅच्युइटीचा कायदेशीर किमान हक्क तडजोडीनेही घटवता येत नाही. 'निम्म्यावर मिटवू' ही भाषा तेथे चालत नाही. खरी झुंज हजेरीपटावर होते. शेवटचा पगार (मूळ वेतन अधिक महागाई भत्ता) १३,००० रुपये आणि नोकरी २८ वर्षे धरली, तर २६ ने (महिन्याचे कामाचे दिवस) भागून दिवसाचे ५०० रुपये येतात. वर्षाला १५ दिवसांप्रमाणे २,१०,००० रुपये होतात. तोच माणूस हंगामी ठरला, तर हंगामाला सातच दिवस मिळतात आणि रक्कम ९८,००० वर येते. गाळप संपल्यावर त्याला दुरुस्तीच्या कामाला ठेवले होते की घरी धाडले होते, यावर लाखाचा फरक पडतो. जुनी पगारपत्रके ज्या कार्यालयात असतात त्याला तोवर बँकेचे सील लागलेले असते. म्हणून पंच नेमतानाच दप्तर खुले करण्याची अट लिहून घेतलेली बरी.

निवाडा हाती आला तरी वसुली वेगळीच. फंडाच्या थकबाकीचा हक्क कारखान्याच्या मालमत्तेवर पहिला, अगदी बँकेकडे तारण ठेवलेल्या साखरेवरही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेच्या प्रकरणात सांगितले. कंपनी दिवाळखोरीत जाऊन अवसायनात निघाली, म्हणजे मालमत्ता विकून गुंडाळली गेली, तर २०१६ च्या दिवाळखोरी संहितेप्रमाणे आधीच्या २४ महिन्यांची कामगारदेणी तारणधारक बँकांच्या बरोबरीने बसतात. त्यामागची थकबाकी मात्र उतरंडीत खाली सरकते.